रातपाळीचं पाणी आणि पुढं आलेलं पोट



रब्बीचं पाणी सुरू झालं की या पानावर कांदा, गहू, हरभरा असं काहीतरी लिहिणं होतं. आज पिकाचं नाही, पीक करणाऱ्या माणसाचं लिहितोय. सरळ मुद्द्यावर येतो. गावोगावी चाळिशीतल्या शेतकऱ्याचं जे पोट पुढं यायला लागलंय, त्याचा एक धागा रात्रीच्या थ्री-फेज लाईटीला जाऊन मिळतो. हे माझं मत आहे, पण उगाच हवेत सोडलेलं नाही. का ते खाली मांडतो.

गावात कुणाचं पोट सुटलं की आपण म्हणतो, "सुखाचं अंग आहे. बागायत लागली अंगाला." पण नीट बघा, ज्यांची पोटं सुटलीत त्यातले किती जण सुखानं झोपतात? आमच्या घोड-भीमेच्या पट्ट्यात एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रातपाळीच्या आठवड्यात दहा-साडेदहाला लाईट येते. माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. मध्येच फ्यूज उडतो, डीपीपर्यंत चक्कर, परत मोटर चालू. वाफे भरता भरता पहाट होते. पाचला गोठ्यात, सातच्या आत दूध डेअरीला. झोप झाली किती? दोन-तीन तास, तीही तुकड्यातुकड्यानं. पुढच्या आठवड्यात घडी बसते न बसते तोवर परत रातपाळी.

साप आणि बिबट्याचं बोलणं होतं, त्यासाठी मोर्चे निघतात, निघालेच पाहिजेत. जुन्नर-शिरूरकडच्या माणसाला उसात रात्री पाणी धरणं म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पण जो धोका रोज रात्री थोडा थोडा अंगात साठतो, त्याचं कुणी नाव घेत नाही.

जागलं तर वजन उतरायला नको का?

हा प्रश्न चावडीवर हमखास येतो. माणूस जागा, हिंडतोय, पाणी धरतोय, मग चरबी वितळायला पाहिजे.

हे अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात तपासून झालंय. २०१३ साली तो अभ्यास छापून आला. १६ धडधाकट माणसांना पाच-पाच रात्री फक्त पाच तास झोपू दिलं. जागल्यामुळं त्यांचं शरीर दिवसाला साधारण पाच टक्के जास्त ऊर्जा जाळत होतं, हे खरं. पण त्यापेक्षा जास्त ते खात होते, आणि त्यातलं बरंचसं रात्रीच्या जेवणानंतर. पाच दिवसांत सरासरी पाऊण किलोच्या वर वजन वाढलं. जमा-खर्च मांडला तर खर्च थोडा वाढला, पण जमा त्याहून जास्त झाली.

आता आपल्याकडं बघा. पाणी धरताना काय सोबत असतं? फरसाणची पुडी, बिस्किटाचा पुडा, थर्मासमध्ये साखरेचा चहा. आणि खरं सांगायचं तर दारं धरणं हे काही खोदकाम नव्हे. एक वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं, फोन बघायचं, भरला की दार मोडून दुसरीकडं वळवायचं. जागरण पुरं होतं, मेहनत त्या मानानं थोडी.

टाकीचा फ्लोट बिघडतो

भूक ही फक्त पोटाची गोष्ट नाही. टाकीला जसा फ्लोट असतो, तशी शरीरात व्यवस्था आहे. लेप्टिन नावाचं संप्रेरक चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला सांगतं, "साठा आहे, मोटर बंद कर." घ्रेलिन मुख्यतः जठरातून निघतं आणि सांगतं, "टाकी रिकामी आहे, मोटर चालू कर."

शिकागो विद्यापीठात १२ तरुणांवर झालेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन रात्री त्यांना अंथरुणात फक्त चार तास दिले, आणि त्याची तुलना दहा तास दिलेल्या दोन रात्रींशी केली. कमी झोपेत लेप्टिन १८ टक्के खाली गेलं, घ्रेलिन २८ टक्के वर गेलं आणि भूक २४ टक्क्यांनी वाढली. भूकही कशाची? गोड, खारट, पिठाळ पदार्थांची ओढ सगळ्यात जास्त वाढली. म्हणजे टाकी भरलेली असताना फ्लोट "रिकामी आहे" म्हणून सांगतोय आणि मोटर चालूच राहतेय. असा फ्लोट विहिरीवर असता तर आपण दुसऱ्या दिवशी बदलला असता.

त्याच विद्यापीठात १९९९ साली ११ तरुणांना सहा रात्री चार-चार तासच झोपू दिलं होतं. ग्लुकोज दिल्यावर त्यांची रक्तातली साखर खाली यायला जास्त वेळ लागायला लागला. तरणीताठी पोरं होती, आजार काही नव्हता. सहा रात्रींत एवढा फरक पडला. आपली रातपाळी सलग सात रात्रींची असते, आणि हंगामभर येत-जात राहते.

हे प्रयोग छोटे आहेत, प्रयोगशाळेतले आहेत, कांद्याच्या वाफ्यातले नाहीत, असं एखादा कृषी पदवीधर म्हणेल आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वर्षी बोट एकाच दिशेला जातंय. आणि उलट बाजूचा पुरावाही आहे. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जादा वजनाच्या माणसांवरचा अभ्यास २०२२ साली आला. त्यातल्या निम्म्या लोकांची झोप घरच्या घरीच साधारण सव्वा तासानं वाढवली. पथ्य कसलंही दिलं नाही. नुसत्या झोपेनं त्यांचं खाणं दुसऱ्या गटाच्या मानानं दिवसाला २७० कॅलरींनी कमी झालं. साधारण एक वडापाव म्हणा ना.

कोंबडीला कळतं ते आपल्याला कळू नये?

ज्यांच्याकडं ब्रॉयलरचं शेड आहे त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. शेडमध्ये रात्री लाईट का ठेवतो? पक्षी जागा राहावा, खात राहावा, वजन लवकर भरावं म्हणून. पण सारखा उजेड ठेवला तर पायाचे दोष वाढतात, मर वाढते, म्हणून आता जाणकार लोक रोज काही तास पूर्ण अंधार द्यायला सांगतात. ज्या पक्ष्याचं आयुष्य दीड महिन्याचं, त्याच्या झोपेचा हिशोब आपण ठेवतो.

शेवंतीवाल्यांना माहीत आहे की रात्री बल्ब लावला तर फूल पुढं ढकललं जातं. ड्रॅगन फ्रूटवाले बिगरहंगामी फळासाठी रात्री लाईट लावतात. रात्र किती मोठी यावर झाड काय करायचं ते ठरवतं, हे आपण रोज वापरतो. माणसाच्या अंगातही तसंच घड्याळ आहे. सजीवांच्या अंगातलं हे घड्याळ कसं चालतं हे शोधल्याबद्दल २०१७ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. ते घड्याळ म्हणतं, रात्र उपाशी राहायची आणि झोपायची वेळ आहे. आपण त्याच वेळी भेळ खात वाफ्यात उभे.

"दिवसा झोप काढतो की!" असंही म्हणाल. काढा, काहीच नसण्यापेक्षा बरी. पण दिवसाची झोप तुटकी होते. ऊन, माश्या, पोरं, फोन, खताची गाडी. आणि दर आठवड्याला पाळी बदलली की घड्याळाला ताळमेळ राहत नाही. कारखान्यातल्या रातपाळीच्या कामगाराला निदान भत्ता मिळतो, साप्ताहिक सुट्टी असते. आपल्याला दोन्ही नाही.

"शेतकऱ्याला कसलं आलंय शुगर?"

ही समजूत आता सोडा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा देशभराचा मधुमेह अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. देशात १० कोटींच्या वर मधुमेही आहेत, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे त्याहून जास्त. मधुमेह शहरात जास्त आहे, पण उंबरठ्यावरच्या लोकांत शहर आणि खेडं असा फरक राहिलेला नाही. पोटावरची चरबी ३९.५ टक्के लोकांत निघाली.

सगळा दोष झोपेवर टाकत नाही. औत गेलं, ट्रॅक्टर आला. खुरपणी गेली, तणनाशक आलं. शेतात चालत जायचो, तिथं मोटरसायकल आली. बाजरीची भाकरी कमी झाली, मैदा-साखर वाढली. ही कारणं मोठी आहेत. पण त्यांच्यावर उपाय सांगणारा माणूस "कमी खा, चाला" म्हणून मोकळा होतो. रात्री दोनला ज्याचा फ्लोट बिघडलेला आहे त्याला "कमी खा" सांगणं म्हणजे फुटक्या पाटातून शेवटच्या सरीपर्यंत पाणी न्यायला सांगण्यासारखं आहे.

त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. वजन उतरवायचं ठरवलं आणि झोप तशीच तोकडी ठेवली, तर उतरतं ते चुकीचं. २०१० सालच्या एका प्रयोगात दहा जणांना दोन आठवडे मोजकं खायला दिलं, एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात ठेवून. वजन दोन्ही वेळा साधारण तेवढंच उतरलं, जवळपास तीन किलो. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि तोकड्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकी सगळं चरबी सोडून इतर वजन, त्यात स्नायूही आले. ज्याचं पोट हातापायाच्या ताकदीवर आहे त्यानं स्नायू घालवून वजन उतरवणं म्हणजे बियाणं दळून खाणं.

बाईच्या झोपेचं कुणी बोलतच नाही

आतापर्यंत लिहिलं ते गड्याचं. पण रातपाळीत घरात आणखी एक माणूस जागं असतं. तो दहाला बाहेर पडला की तिला डोळा लागत नाही. बारा वाजता फोन लावून बघते, उचलला नाही तर आणखी काळजी. तो पहाटे येऊन आडवा होतो. ती तेव्हा उठते. चूल, पाणी, धारा, पोरांचा डबा, मग दिवसभर कांदा लागवड किंवा खुरपण. त्याला दुपारी तासभर मिळतो, तिला तोही नाही. आणि वजन वाढलं की "बसून खाते" म्हणायला सगळं घर तयार. या पानावर बाया कमी आणि गडी जास्त वाचतात, म्हणून गड्यांनाच सांगतो: रातपाळीच्या आठवड्यात सकाळच्या धारा तिच्या एकटीच्या गळ्यात घालू नका, आणि दुपारचा तास दोघांनी वाटून घ्या.

टेप घ्या आणि दोघांचा कमरेचा घेर मोजा. आपल्याकडच्या मापानं पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर असेल तर पोटाची चरबी जास्त धरतात. तिशीच्या पुढच्यांची साखर आणि बीपी आरोग्य उपकेंद्रात फुकट तपासतात. जाऊन या. कुणी फार घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा गाडीवर डुलकी येत असेल, तर डॉक्टरला ते नक्की सांगा. वाढलेल्या वजनानं झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेनं वजन वाढतं, हे चक्र तिथं सुरू झालेलं असतं.

हातात आहे ते काय?

एक. पाणी उचलणं आणि पाणी देणं ही दोन कामं वेगळी करा. रात्रीच्या लाईटीवर मोटरनं पाणी अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात किंवा टाकीत पडू द्या, आणि सकाळी उंचावरून उतारानं किंवा लहान सौर पंपानं पिकाला द्या. तळं वरच्या कोपऱ्यात घेतलं तर निम्मं काम उतारच करतो. फक्त तळं आहे म्हणून बोअर उपसत बसू नका. पाणी तेवढंच वापरायचं, वेळ बदलायची.

दोन. ठिबक असेल तर टायमरचे व्हॉल्व्ह हा झोपेचा खर्च म्हणून धरा. ऑटो स्विच लावणार असाल तर सोबत टाइम डिले आणि कपॅसिटर पाहिजेच. नाहीतर लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम उचलतात आणि डीपी जळतो. मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून हे ठरवायचं.

तीन. सामाईक विहिरीवर किंवा शेजारी शेजारी पाळी लावा. सात रात्री एकानं अर्धं जागण्यापेक्षा एक रात्र पूर्ण जागून दुसरी पूर्ण झोपलेली बरी. एकटं जाणं टळतं हा वेगळा फायदा.

चार. जागायचंच असेल तर उपाशी जागा. म्हणजे जेवण संध्याकाळी सात-आठच्या आत, पोटभर, आणि नंतर फक्त पाणी. रातपाळीसारखं वेळापत्रक देऊन केलेल्या एका अमेरिकन प्रयोगात (२०२१) रात्री जेवलेल्यांची साखर वाढली, फक्त दिवसा जेवलेल्यांची नाही. जागरण दोन्ही गटांना सारखंच होतं. ज्यांना आधीच शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र हा बदल डॉक्टरला विचारून करायचा. चहा बारानंतर बंद, नाहीतर पहाटे अंथरुणावर पडलात तरी डोळा लागायचा नाही.

पाच. दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत, फोन दुसऱ्या खोलीत. मोठ्या माणसाला चोवीस तासांत सात तास तरी लागतात. एका दमात नाही मिळाले तर दोन दमात मिळवा.

पण हे सगळं ठिगळ आहे

मूळ दुखणं एकच आहे. दिवसाची वीज शहराला आणि कारखान्याला, रात्रीची शेतीला. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला, २०२४ साली मागेल त्याला सौर कृषी पंप आला. ज्या फिडरवर दिवसा वीज सुरू झाली तिथल्या माणसाला विचारा, पहिली गोष्ट तो झोपेचीच सांगेल. ज्यांच्याकडं अजून रातपाळी आहे त्यांनी आता मागणीची भाषा बदलली पाहिजे, असं माझं मत आहे.

आपण दिवसाची वीज मागताना पिकाचं कारण देतो, फार तर सापाचं आणि बिबट्याचं. आता आरोग्याचंही द्या. ग्रामसभेच्या ठरावात लिहा की या फिडरवरची इतकी माणसं वर्षातले इतके आठवडे रात्री जागतात. उपकेंद्रातून तिशीच्या पुढच्यांच्या साखर-बीपीचे आकडे नावं न घेता मिळाले तर सोबत जोडा. कागदावर आकडा आला की साहेबालाही नुसतं "बघतो" म्हणून भागत नाही.

आणि कृषी विद्यापीठातल्या, कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींना एक विनंती. रात्री पाणी दिल्यानं बाष्पीभवन कमी होतं हे आपण भाषणात सांगता, ते खरंच आहे. पण पाणी देण्याची वेळ ठरवताना पाणी देणाऱ्याची झोपही मोजा. उत्पादन खर्चाच्या तक्त्यात घरच्या माणसांची मजुरी धरतात. झोपेला तिथं रकाना नाही. एका एकर कांद्याला किती रात्री गेल्या, एवढं एकदा आपल्या वहीत तरी लिहून ठेवा. बियाणं, खत, औषध, मजुरी, आणि त्याखाली रात्री. हंगाम संपला की बेरीज करा.

मी या रब्बीपासून तो रकाना वहीत आखलाय. तुमच्या फिडरवर काय चाललंय, दिवसा की रात्री, तेवढं कळवा.